संशयाचा फायदा माशाला



वसंत व्याख्यानमालेत माशावर व्याख्यान ठेवलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु मी बोलणार आहे ते माशाच्या चवीविषयी नव्हे, तर त्याच्या वेळापत्रकाविषयी आणि ते सांभाळण्यासाठी माणसाने स्वतःवर घालून घेतलेल्या बंदीविषयी. मासा आहे सॅमन आणि नदी आहे अलास्कातील कीनाय. आपल्या रावसाला इंग्रजीत ‘भारतीय सॅमन’ म्हणतात खरे, परंतु या दोघांचे काही नाते नाही.

सॅमन जन्मतो नदीच्या गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात, आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीकडे येतो. कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांतून वर येणाऱ्या माशांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. तोच चढण हा शब्द मी येथे वापरतो. या कुळातला सर्वांत मोठा तो चिनूक; त्याला तिकडे राजा म्हणतात. नदीत शिरला की हा राजा अन्न सोडतो, अंगच्या चरबीवर प्रवास करतो, आणि अंडी घालण्याचे काम एकदा उरकले की मरतो. त्याला दुसरी पाळी नाही. पुढचा सारा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे.

कीनाय नदीत या राजाच्या दोन चढणी होतात. पहिली मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. तिच्यातील बहुतेक मासे उपनद्यांत जाऊन अंडी घालतात. दुसरी जुलैत, तिचे मासे बहुतांशी मुख्य प्रवाहातच राहतात. जात एक, नदी एक, परंतु घराणी दोन. गळाने धरलेल्या राजाचा जागतिक विक्रम याच नदीतला. १७ मे १९८५ रोजी लेस अँडरसन या गृहस्थाने ९७ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे ४४ किलोंचा मासा येथे धरला. पुढे हौशी गळवाल्यांची येथे रीघ लागली, आणि त्यांना होडीतून फिरवणाऱ्या वाटाड्यांचे संसार नदीवर चालू लागले.

नंतरच्या काळात राजा कमी होत गेला. कारणे अनेक सांगतात. समुद्रातच त्याचे जगणे अवघड झाले आहे, असे पुष्कळ शास्त्रज्ञांचे मत आहे. समुद्रावर कोणाची सत्ता चालत नाही. नदीवर मात्र चालते. मत्स्यखाते पाण्यात ध्वनिलहरींची यंत्रे बसवून वर जाणारे मासे मोजते. अंडी घालण्यासाठी किती मासे वर पोचले पाहिजेत याचा आकडा ठरलेला असतो. तो गाठला जाण्याची चिन्हे दिसेनात, की आधी आमिष बंद, मग धरलेला मासा परत सोडण्याची सक्ती, आणि शेवटी गळच बंद.

ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु खरी अडचण वेळेची आहे. समजा, चढणीच्या पहिल्या आठवड्यात यंत्राला फार थोडे मासे दिसले. आता मासे कमी आहेत, की नुसते उशिरा येत आहेत? पाणी थंड असेल, पूर असेल, तर चढण लांबते. त्या दिवशी दोन्ही शक्यतांचे आकडे सारखेच दिसतात. खात्री होईपर्यंत थांबावे, तर खात्री होते तेव्हा अर्धी चढण निघून गेलेली असते. म्हणजे निर्णय नेहमी संशयातच घ्यावा लागतो.

आणि त्याची किंमत काल्पनिक नव्हे. २०२३ साली राजा धरण्यास नदीत बंदी झाली, आणि तिच्याबरोबर आखाताच्या पूर्व किनाऱ्यावर जाळी लावणाऱ्यांचाही हंगाम बंद राहिला. हे लोक राजासाठी जाळे लावीत नाहीत; त्यांचा मासा सॉकाय, आणि सॉकायचा तोटा नव्हता. परंतु जुलैत दोघेही एकाच पाण्यातून येतात, आणि जाळ्याला राजा-रंक कळत नाही. समोरून मासळीचे थवे जात आहेत आणि आपले जाळे कोरडे, हे पाहणाऱ्या कोळ्याचा संताप समजण्यासारखा आहे. ‘दोष समुद्राचा, शिक्षा आम्हाला?’ या त्याच्या प्रश्नाला उडवून लावणे अन्यायाचे होईल.

तरीही मला बंदीचा पक्ष योग्य वाटतो. बंदी चुकून घातली, तर माणसाचा एक हंगाम जातो; ते नुकसान मोठे आहे, परंतु समाजाला मनात आणले तर ते भरून देता येते. बंदी चुकून घातली नाही, तर माशाची जी पाळी जाते ती कोणत्याही सरकारला भरून देता येत नाही. शिवाय एका चढणीची उणीव दुसरीने भरून निघेल, हेही धरून चालता येत नाही. कॅलिफोर्निया आणि ऑरेगनमधील नद्यांत राजाचे लवकर चढणे हे आनुवंशिक द्रव्याच्या एका लहानशा भागाशी निगडित आहे, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. लवकर येणारे संपले, तर त्यांची तारीखच वंशातून पुसली जाण्याचा धोका असतो.

आपल्या न्यायालयांत संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, कारण दिलेली फाशी परत घेता येत नाही. नदीच्या न्यायालयात तो फायदा माशाला मिळाला पाहिजे, कारण त्याची चढणही परत घेता येत नाही. मात्र तो देताना जो कोळी आणि जो वाटाडी घरी बसतो, त्याचा खर्च त्या एकट्याच्या माथी मारू नये. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. आपली तारीख ठरलेली, तिकडची ऐनवेळी ठरणारी. परंतु बंदीचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. मासा वाचविणे ही सर्वांची इच्छा असेल, तर त्याची किंमतही सर्वांनी वाटून घेतली पाहिजे.