पिशवी आता दादाकडे

आज घरचीच गोष्ट. मी दहावीत असताना आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे ओट्याशी उभं राहायचं नाही. बाबांची शिफ्ट ड्यूटी. आईने आठवड्याचे १५०० रुपये (दूध-गॅस वेगळं), पिशवी आणि तिची हिशेबाची वही माझ्या हातात दिली. "विचारलंस तर सांगेन. मधे मधे बोलणार नाही."

मी कशाला विचारतेय! पहिल्याच शनिवारी मंडईतून मेथीच्या चार जुड्या आणल्या. स्वस्त होत्या ना. दोन जुड्या निवडेपर्यंत हात भरून आले, उरलेल्या दोन पिवळ्या पडल्या. वर चिप्स, सॉस, चीज. बुधवारी पैसे खलास. गुरुवार-शुक्रवार पिठलं-भात. आई गपचूप जेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं, खरंच.

मग मात्र आधी डबे उघडून बघायचे, नंतर यादी. किलोभर कणकेच्या माझ्या २५ पोळ्या व्हायच्या, आम्हाला रोज १२ लागायच्या, म्हणजे आठवड्याला साडेतीन किलो. पालेभाजी शनिवार-रविवारीच संपवायची. कोबी, दुधी नंतर. मूग भिजवले की एक दिवस निघतो.

एकदा वहीची जुनी पानं चाळली. बाबांची नोकरी गेली होती ते वर्ष. प्रत्येक महिनाअखेरीला आईच्या अक्षरात: बेसन अर्धा किलो. मला आपलं वाटायचं, आईला पिठलं आवडतं.

यंदा दादा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, दहावीत आहे. शनिवारी पिशवी त्याच्याकडे. मेथी आणेल बहुतेक. मी काही बोलणार नाहीये.