पळस लावू या



आज आम्ही एका झाडाविषयी बोलणार आहोत. ते तुम्हाला नवे नाही. फाल्गुनात त्याची पाने गळतात आणि सारे झाड केशरी फुलांनी पेटल्यासारखे दिसते. ओळखलेत ना? पळस!

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या डोंगरात पळस पुष्कळ आहे. पण तिथून अहमदपूर, लातूर, औशाकडे या. शिवार उघडेबोडके दिसते. लातूर हा राज्यात फार थोडे जंगल असलेला जिल्हा. तिथे पळस राहिला तो बांधावर आणि ओढ्याच्या काठी.

एका गावी आम्ही एका आजोबांना विचारले, "आजोबा, हा पळस कोणी लावला?"

आजोबा हसले. "ओ, पळस कुठं लावतेत काय? तो आपला आपण येतो."

"मग तुमच्या बांधावर आता किती आहेत?"

मोजायला म्हणून आजोबांनी बोटे उघडली. मग एकच बोट ठेवून बाकीची मिटली. "पहिले लई होते," ते म्हणाले.

मंडळी, दुखणे इथेच आहे. आपोआप येणाऱ्या झाडाची किंमत कुणाला नसते. तोडताना हात थांबत नाही, आणि लावायचे कुणाच्या मनात येत नाही.

पळसाचा उपयोग काय? त्याच्या पानांची पत्रावळ होते. जेवण झाले की ती उकिरड्यावर कुजून खत होते. प्लास्टिकच्या ताटाचे तसे होत नाही. 2018 साली आपल्या राज्यात त्या ताटांवर बंदी आली. पळसाची फुले पाण्यात उकळली की होळीचा रंग तयार होतो. फुलातल्या मधासाठी साळुंक्या येतात. पळसावर लाखेचे किडेही पोसतात.

2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पळस लावला म्हणजे पाऊस पडेल, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याची मुळे बांधाची माती धरून ठेवतात. काळ्या जमिनीत, मुरमाड माळावर, पाणी साचते तिथेही तो तग धरतो.

आता लावायचा कसा, ते ऐका.

वैशाख-ज्येष्ठात पळसाच्या शेंगा वाळून खाली पडतात. शेंग चपटी आणि कागदासारखी हलकी असते. तिच्या टोकाला एकच तांबूस, चपटे बी असते. बी याच वर्षीचे घ्या. जुने बी उगवेल याचा भरवसा नाही. ते मुलांच्या हाती खेळायला देऊ नका. पोटात गेले तर अपाय होतो.

मृगाचा पाऊस पडून जमीन चांगली ओली होऊ द्या. मग बांधावर दहा-बारा हातांवर एकेक खड्डा घ्या. माती भुसभुशीत करून परत भरा. प्रत्येक ठिकाणी दोन बिया टाका आणि बोटाच्या एका पेराइतकी माती वर लोटा. दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसेल.

आमची एक चूक सांगतो. आम्ही आधी वाफ्यात रोपे केली आणि ती उपटून बांधावर लावली. बहुतेक सगळी मेली. पळसाचे मूळ लवकर खोल जाते. ते तुटले की रोप जगत नाही. म्हणून बी जागेवरच पेरा.

रोपाभोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण करा. गवत काढत जा. उन्हाळ्यात रोप वरून वाळेल. "मेलं" म्हणून उपटू नका! खाली मूळ जिवंत असते. पावसात पुन्हा फूट येते. पहिली काही वर्षे असे होऊ शकते. आणि बांध पेटवू नका. त्या जाळात लहान रोपे जातात.

फुले यायला बरीच वर्षे लागतात. मग आज कशाला लावायचे? आपण ज्या पळसाखाली बसलो, त्यालाही कोणीतरी तोडायचे टाळले होते.

"कुठेही जा, पळसाला पाने तीनच," असे आपण म्हणतो. नातवाने विचारले, "आजोबा, पळस कुठं आहे?" तर त्याला बांधावर नेऊन ती तीन पाने दाखवता आली पाहिजेत. येत्या मृगाला दोन बिया तरी पेरा.

राम राम.