‘अनेक’ कीं ‘संख्या’ ?

अतिवृष्टीनें एकाद्या गांवांतील बरींच घरें पडलीं आणि गांवकऱ्यांनीं मदतीसाठीं इंग्रजींत अर्ज केला, अशी कल्पना श्रोत्यांनीं करावी. अर्जांत वाक्य आहे : ‘दि नंबर ऑफ हाउसेस हॅज फॉलन.’ व्याकरणदृष्ट्या तें बिनचूक आहे. परंतु वाचणाऱ्या अधिकाऱ्यास त्यांतून कळेल तें एवढेंच, कीं गांवांतील घरांची संख्या घटली आहे. छपरें कोसळलीं, माणसें उघड्यावर आलीं, हें त्यांत कोठेंच नाहीं. लिहावयास हवें होतें : ‘ए नंबर ऑफ हाउसेस हॅव फॉलन.’

‘ए नंबर ऑफ’ म्हणजे ‘अनेक’. तेथें लक्ष घरांकडे असतें, म्हणून क्रियापद अनेकवचनी. ‘दि नंबर ऑफ’ म्हणजे ‘संख्या’. तेथें लक्ष आंकड्याकडे असतें आणि आंकडा एकच, म्हणून क्रियापद एकवचनी. नाम मात्र दोन्हीं ठिकाणीं अनेकवचनीच येतें. क्रियापदाजवळ ‘हाउसेस’ दिसलें कीं हात ‘हॅव’ लिहून जातो. चूक होते ती येथेंच.

मराठी माणसाची आणखी एक अडचण आहे. ‘नंबर’ हा शब्द मराठींत रुळला तो बहुधा क्रमांक या अर्थानें : परीक्षेंतील पहिला नंबर, घराचा नंबर. वरील दोन्हीं प्रयोगांत क्रमाचा संबंधच नाहीं.

परंतु उपायही मराठींतच आहे. वाक्य प्रथम मनांत मराठींत म्हणावें. ‘अनेक विद्यार्थी उत्तीर्ण झाले आहेत’ असें म्हणतांना ‘आहेत’ आपोआप येतें. ‘विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे’ असें म्हणतांना ‘आहे’. इंग्रजी क्रियापदही येथें त्याच वाटेनें जातें. ‘अनेक’ शोभला तर ‘ए’ लिहावा, ‘संख्या’ शोभली तर ‘दि’. ‘ए लार्ज नंबर ऑफ’ यासही हाच नियम लागू आहे. पाणी, दूध यांसारख्या न मोजतां येणाऱ्या वस्तूंसाठीं मात्र ‘नंबर’ न योजतां ‘अमाउंट’ योजावा.

शेवटीं एक सूचना. ‘ए नंबर ऑफ’ यावरून घरें तीन कीं तीनशें, हें कळत नाहीं. आंकडा ठाऊक असेल तेथें तोच द्यावा. पडलेलीं घरें 17 असतील, तर अर्जांत 17 असेंच लिहावें. मदत देणाऱ्यास त्याचाच उपयोग अधिक.