पहिल्या नंबरची हमी

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता आमचे कारागीर इंटरनेटवर दुकान मांडतात. आमच्या एका सभासदाला एका तज्ज्ञाने गूगलवर पहिल्या नंबरची हमी दिली. पैसे घेतले, नंबरही दाखवला. पण दुकानाचेच नाव घालून! 'कोल्हापुरी चप्पल' शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकान सापडेना. पहिल्या नंबरची हमी कोणालाच देता येत नाही, असे खुद्द गूगल सांगते. आम्ही युनियनवाले करारावर वाचल्याशिवाय सही करीत नाही. तोच नियम येथे लावा. काय बदलणार, कशासाठी, हे विचारा. कोणत्या शब्दांनी माणसे आली, ते सर्च कन्सोलवर फुकट दिसते, स्वतः पाहा. मगच घामाचा पैसा मोजा.