आंबेमोहराचे गिऱ्हाईक
(ज्ञातिसंमेलनातील व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी चालकांनी आम्हांस 'ऑनलाइन विक्री' हा विषय नेमून दिला आहे. विषय नवा खरा. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. आपला माल नेमका कोणास हवा आहे? या प्रश्नाचा विचार आम्ही मुळशी तालुक्यातील आंबेमोहर तांदळाच्या आधारे करणार आहोत.

मुळशीच्या भातशेतीने पूर्वी मोठा आघात सोसला आहे. १९२१ साली सुरू झालेल्या ज्या सत्याग्रहाने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी दिली, तो याच खोऱ्यातील जमिनी धरणाखाली जाऊ नयेत म्हणून होता. त्या जमिनी गेल्याच. उरलेल्या खाचरांवर आज निराळे संकट आहे. आंबेमोहराचे पीक उंच वाढून लोळते आणि उतारा कमी देते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून काढलेले 'इंद्रायणी' हे वाण १९८७ साली प्रसारित झाले. ते अधिक पिकते. तेव्हा आंबेमोहर लावणाऱ्यास कमी पोत्यांची भरपाई चढ्या भावानेच मिळाली पाहिजे. ती न मिळाल्यास शेतकरी प्रथम वाण सोडतो, आणि पुढे जमिनीस गिऱ्हाईक येताच खाचरही विकतो.

हा चढा भाव देणार कोण? आमची तरुण मंडळी मोबाइलवर दुकान मांडतात आणि गिऱ्हाईक कोण असे विचारले असता 'सारे जग' असे सांगतात. हे उत्तर नव्हे. दुकान सर्वांना दिसते म्हणून माल सर्वांना हवा असतो, असे नाही. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान मुळशी तालुक्यातच आहे. पगारदार आणि घरबसल्या खरेदी करणारे इतके लोक शेजारी असता बाजार दूर कशाला शोधावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तेथे निरनिराळ्या प्रांतांतील लोक आले आहेत. बिर्याणीसाठी लांब, मोकळा दाणा हवा असणाऱ्यास आंबेमोहर पाठविला, तर 'भाताचा गोळा झाला' अशी तक्रार येईल आणि ती चारचौघांस दिसेल. नातवासाठी गुरगुट्या भात शिजविणाऱ्या आजीला मात्र तोच गुण वाटेल. एकाची तक्रार ती दुसऱ्याची शिफारस! म्हणून गिऱ्हाईक ओळखावयाचे ते अंतरावरून वा पगारावरून नव्हे, तर त्याच्या चुलीवर काय शिजते यावरून.

या कसोटीने तीन वर्ग दिसतात. पहिला, लहान मूल, आजारी किंवा वृद्ध माणूस असलेली घरे. त्यांना पेज व मऊ भात लागतो. दुसरा, वरणभाताच्या मुदीत आणि सणाच्या नैवेद्यात सुवास शोधणारी पुण्यामुंबईची कुटुंबे. तिसरा, बंगळूर-हैदराबादेकडे स्थायिक झालेले मराठी लोक, ज्यांना हा तांदूळ कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा मिळत नाही. परदेशस्थ आप्तांचा मोह होतो. पण सुटे पुडके विमानाने धाडण्याचा खर्च तांदळाच्या किमतीहून अधिक होतो. तो व्यवहार निर्यातदारामार्फत घाऊकच करावा.

वर्ग ठरला की मार्ग सुचतात. समाजमाध्यमांवर जाहिरात देताना गाव, वय व भाषा निवडता येते. ती सोय वापरावी. तांदळाचे नाव मराठी व इंग्रजी अशा दोन्ही लिपींत लिहावे, कारण शोधणारा दोन्ही रीतींनी शोधतो. शेताच्या सुंदर चित्रापेक्षा शिजलेल्या भाताचे चित्र द्यावे. तांदूळ कोणत्या गावचा, कोणत्या हंगामाचा, नवा की जुना, पाणी किती घालावे, हे सांगावे. 'बिर्याणीस योग्य नाही' हेही निःसंकोच लिहावे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वही. कोणी घेतला, कशासाठी घेतला, पुन्हा मागविला की नाही, असे तीन रकाने वर्षभर भरावेत. पुन्हा मागविणारी घरे हाच आपला खरा बाजार. पुढची जाहिरात त्यांच्यासारख्यांसाठीच करावी.

सुवास मात्र मोबाइलमधून जात नाही. तेथे विश्वासच हवा. आंबेमोहराच्या नावाने दुसराच बारीक तांदूळ विकला जातो, हे सर्वश्रुत आहे. आंबेमोहरास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्यान्वये उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घेतली, म्हणजे त्यास हे मानांकन आपल्या मालावर वापरता येते. ही नोंद करण्यात आळस करू नये.

शेवटी आपल्या ज्ञातीविषयी. आपली कुटुंबसूची पाहून कित्येकांस वाटते की बाजार आयताच तयार आहे. ज्ञातिबंधू प्रेमाखातर एकदा तांदूळ घेतील. दुसऱ्यांदा तो भाताच्या चवीवरच खपेल. शिवाय सूचीतील पत्ते संमतीवाचून जाहिरातीस वापरणे उचित नव्हे. संस्थेने नोंदणीचे अर्ज भरून देण्यास आणि मजकूर लिहून देण्यास दोन जाणते कार्यकर्ते नेमावेत, एवढीच आमची सूचना आहे. गिऱ्हाईक आपल्या ज्ञातीचे असो वा नसो, त्याच्या घरी शिजणारा भात जर मुळशीतील एक खाचर राखीत असेल, तर तो आपला आप्तच होय.