आधी भोक, मग शीड



मी बडोद्यात वाढले. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर फ्रीजमधला. पुढे शिकायला अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात गेले. तिथला मेंडोटा तलाव हिवाळ्यात गोठतो, आणि त्याच्यावर माणसं शीड हातात धरून सुसाट जाताना मी पाहिली. हा खेळ म्हणजे बर्फावरचं विंडसर्फिंग.

रचना सोपी आहे. एक फळी, तिच्यावर शीड, आणि दोघांना जोडणारा, सगळीकडे वळणारा सांधा. पाण्यावर असतं तसंच. फक्त गोठलेल्या तलावावर फळीखाली पोलादी पाती असतात, आणि हिमाच्या थरावर त्यांच्याऐवजी स्की. शीड लावून बर्फावरून जाणं तसं जुनंच. 1888 साली नान्सेन आणि त्याच्या पाच साथीदारांनी ग्रीनलंड ओलांडताना घसरगाड्या एकमेकींना बांधून त्यांच्यावर शिडं चढवली होती.

आता गंमत ऐका. बर्फावर तुम्ही वाऱ्यापेक्षाही जोरात जाऊ शकता! कसं? वारा पडलेला असतानाही स्कूटरवर तोंडावर वारा लागतो ना? तो आपल्याच वेगाचा. वाऱ्याला आडवं गेलं, की खरा वारा आणि हा आपला वारा, दोन्ही मिळून शिडावर येतात. पाण्यावर पाणी अडवतं. गुळगुळीत बर्फावर घर्षण अगदी कमी, आणि पाती बाजूला घसरू देत नाहीत. म्हणून वेग वाढत जातो. पण ब्रेक नसतो. शीड सैल सोडायचं आणि फळी वाऱ्याकडे वळवायची, एवढाच उपाय.

मला शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला शिडाला हातच लावू दिला नाही. हातात ड्रिल दिलं. थोडं चालायचं, भोक पाडायचं, जाडी मोजायची. काळसर, पारदर्शक बर्फ दहा सेंटिमीटर असेल तर एक माणूस चालू शकतो. पांढरट बर्फ साधारण निम्म्याच ताकदीचा, म्हणून तो दुप्पट जाड हवा. गळ्यात दोन टोचे अडकवायचे. पाण्यात पडलात तर ते बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. आणि एकट्यानं कधीच जायचं नाही.

तासाभरानं ओढ्याच्या मुखाजवळ भोक पाडलं, तर बर्फ जेमतेम चार सेंटिमीटर. ते म्हणाले, "चला, घरी." मी खूप चिडले. वारा छान होता, ऊन होतं, पलीकडे बर्फ जाड होता. ते शांतपणे म्हणाले, "वेगात असताना अलीकडचं पलीकडचं कळत नाही."

चार दिवसांनी त्याच जागी पाणी हलताना दिसलं.

मेंडोटा कधी गोठला, कधी वितळला, याच्या नोंदी 1850च्या दशकापासून आहेत. तेव्हाच्या तुलनेत आता तलाव वर्षाला साधारण महिनाभर कमी गोठलेला असतो. म्हणजे गेल्या वर्षी याच तारखेला बर्फ पक्का होता, हे आता कामाचं नाही. आज मोजलं तेवढंच खरं.

तुमच्यापैकी कुणी कधी अशा तलावाकाठी उभं राहिलात, तर शीड जरूर धरा. पण त्याआधी भोक पाडा. आणि सोबतचा माणूस "घरी चला" म्हणाला, तर वाद घालू नका.