दिल्लीचे नगरमंत्री आणि राजोडीची वाडी
(राजोडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



राजोडीच्या केळी-नारळीच्या वाड्या मागे टाकून बोळींजकडे निघाले की म्हाडाचे मनोरे समोर उभे राहतात. तेथील हजारो सदनिका बराच काळ विक्रीविना पडून होत्या. घरे नको होती असे नाही. नळाला पाणी नव्हते. सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरारकडे वळल्यावरच त्यांना गिऱ्हाईक मिळू लागले. घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत. त्यामुळे एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो : दिल्लीत गृहनिर्माण आणि नगरविकासाचे स्वतंत्र मंत्रालय असताना ही दुर्दशा का? तो मंत्री नेमके करतो तरी काय?

उत्तराचा आरंभ राज्यघटनेपासून करावा लागतो. जमीन आणि स्थानिक स्वराज्य हे दोन्ही विषय राज्यसूचीतले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगररचनेसह अठरा विषय नगरपालिकांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली; किती सोपवायचे हे मात्र राज्याच्या मर्जीवर राहिले. राज्यांतल्या जमिनीवर दिल्लीच्या मंत्र्याची सत्ता नाही. त्याच्या हाती आहे पैसा, कायदा आणि पैशासोबत घातलेली अट. यांतील अट हेच सर्वांत धारदार शस्त्र.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात हे काम एका मराठी माणसाकडे होते. काकासाहेब गाडगीळ हे बांधकाम, खाणी व वीज खात्याचे मंत्री. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेलांसमवेत ते प्रभासपाटणला गेले आणि भग्न सोमनाथासमोर पुनर्निर्माणाचा संकल्प प्रकट झाला. सरकारचे बांधकाम खाते हाताशी होते. पण मंदिराचा खर्च सरकारी तिजोरीतून नव्हे, लोकांच्या वर्गणीतून व्हावा, असे गांधीजींनी सुचविले आणि तेच झाले. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. मंत्र्याची इच्छाशक्ती आणि समाजाचा पैसा यांचा असा संगम पुढे क्वचितच दिसला.

याच खात्यात पुढे मोहन धारिया राज्यमंत्री होते. जयप्रकाशजींशी संवाद साधावा असा आग्रह धरल्याबद्दल मार्च १९७५ मध्ये त्यांना मंत्रिमंडळातून दूर करण्यात आले. पाठोपाठ आणीबाणी आली आणि १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटवर बुलडोझर फिरले. दिल्ली विकास प्राधिकरणाचे तेव्हाचे कर्तेधर्ते जगमोहन पुढे अटलजींच्या मंत्रिमंडळात नगरविकास मंत्री झाले, ही गोष्ट अटलजींच्या चाहत्यांनीही विसरू नये. इतिहास सोयीने वाचायचा नसतो.

१९७६ सालाचीच दुसरी देणगी म्हणजे नागरी जमीन कमाल धारणा कायदा. जमीन राज्याचा विषय. म्हणून अनेक विधिमंडळांनी ठराव करून संसदेला कायदा करण्याचा अधिकार दिला. हेतू उदात्त होता. जादा जमीन सरकारने घ्यावी आणि गरिबांची घरे व्हावीत. प्रत्यक्षात काय झाले? जमीन खटल्यांत अडकली, सवलतीच्या परवानग्यांचा बाजार मांडला गेला, आणि मुंबईत जागा मिळेना म्हणून चाकरमानी मीरा-भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार असा उत्तरेकडे सरकत राहिला. वसईच्या बागायतीवर आलेल्या दडपणाचे एक मूळ येथे आहे.

१९९९ मध्ये राम जेठमलानी नगरविकास मंत्री असताना अटलजींच्या सरकारने हा कायदा रद्द केला. पण दिल्लीने रद्द केला म्हणून महाराष्ट्रात रद्द झाला नाही! राज्याने ते निरसन स्वीकारायला २००७ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. स्वीकारले तेही डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेच्या निधीला ही अट जोडलेली होती म्हणून. सरकार काँग्रेसचे, सुधारणा भाजपच्या काळातली, आणि तिला गती दिली ती पैशाच्या अटीने. मंत्र्याच्या भूमिकेचा याहून बोलका दाखला नाही.

व्यंकय्या नायडूंच्या कारकीर्दीत २०१५ साली पंतप्रधान आवास योजना आली आणि २०१६ साली स्थावर संपदा कायदा संमत झाला. महारेरामुळे नोंदणीकृत प्रकल्पातल्या ग्राहकाला दाद मागण्याची जागा मिळाली, हे मोठेच काम. परंतु ज्या इमारतीची परवानगीच नाही, तेथे राहणाऱ्याला रेराचा आधार कितीसा? २०२५ च्या आरंभी नालासोपारा पूर्वेला न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया आणि कचरा व्यवस्थापनासाठी राखीव होती. कष्टाची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे रस्त्यावर आली. बांधणारे केव्हाच पैसे घेऊन मोकळे झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून सतरा जणांचा बळी गेला. यांपैकी एकही इमारत उभी राहताना दिल्लीची सही लागली नव्हती. लागले होते ते स्थानिक डोळ्यांचे मिटणे.

म्हणून प्रश्न योग्य दारी विचारला पाहिजे. जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली ती राज्याच्या निर्णयाने. २९ गावे वगळण्याची २०११ ची अधिसूचनाही राज्याचीच. किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम १९९१, २०११ आणि २०१९ साली ठरले ते पर्यावरण मंत्रालयात. वाडीवर कोणते आरक्षण पडते हे विकास आराखड्यात ठरते. त्यावर हरकत नोंदविण्याची मुदत असते आणि ती उलटली की मोर्चे फारसे उपयोगी पडत नाहीत. दिल्लीच्या मंत्र्याकडे मागायचे ते वेगळे आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात एक कोटी शहरी कुटुंबांचे उद्दिष्ट आहे. त्या निधीला त्याने आणखी एक अट जोडावी : आधी पाणी आणि सांडपाण्याची सोय, मग मजले. कमाल धारणा कायदा ज्या रीतीने गेला, त्याच रीतीने ही शिस्तही येऊ शकते.